एक ‘नाही’, एक ‘हो’ : फ्रेडरिक सॉडीच्या एका पत्राचं रसग्रहण

४ डिसेंबर १९१३ च्या ‘नेचर’ साप्ताहिकात, संपादकांना आलेल्या पत्रांमध्ये, फ्रेडरिक सॉडीचं एक पत्र छापून आलं. विषय कोरडा : अणूच्या आतला विद्युतभार. मजकूर जेमतेम पानभर. आकृती नाही, तक्ता नाही, समीकरण तर एकही नाही. खाली ग्लासगो विद्यापीठातल्या भौतिक रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा पत्ता. विज्ञानाच्या इतिहासात हे पत्र ओळखलं जातं ते एका शब्दामुळे. आपण ज्याला समस्थानिक म्हणतो तो ‘आयसोटोप’ इथे पहिल्यांदा छापला गेला. तो कुणी सुचवला, कुणाच्या घरी जेवताना सुचवला, ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की पत्र बाजूला पडून गोष्टच उरली आहे. पत्र सावकाश वाचलं की लक्षात येतं, तो शब्द त्यात फार उशिरा, अगदी शेवटच्या परिच्छेदात येतो. तोवर सॉडीनं एक वेगळंच काम उरकलेलं असतं.

ते काम असं. अणूच्या आतला गाभा आणि बाहेरचं इलेक्ट्रॉनांचं कडं हे दोन स्वतंत्र प्रदेश आहेत, हे त्यानं दाखवून दिलेलं असतं. आणि तेही रसायनशास्त्रज्ञाच्या रोजच्या एकाच प्रश्नाच्या जोरावर : हे वेगळं करता येतं का? पत्रात या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. एक ‘नाही’ आणि एक ‘हो’. अणूचं चित्र या दोन उत्तरांवर कसं उभं राहतं, हे पाहण्यात या पत्राची खरी गोडी आहे.

ती चाखायची तर आज आपल्याला सहज ठाऊक असलेलं बरंच काही थोडा वेळ विसरावं लागतं. आठवीची मुलं ‘अणूचे अंतरंग’ शिकतात तेव्हा त्यांना अणू बांधून तयार मिळतो : मधे केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुअंक. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून अणुवस्तुमानांक. अणुअंक सारखा आणि अणुवस्तुमानांक वेगळा, ते अणू एकमेकांचे समस्थानिक. व्याख्या दोन ओळींत संपते. १९१३ च्या डिसेंबरात यातलं फार थोडं हाताशी होतं. रदरफोर्डनं १९११ साली, सोन्याच्या वर्खावरून मागे उसळणाऱ्या अल्फा कणांचा हिशेब मांडून, अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान मध्यभागी अत्यंत लहान जागेत एकवटलेलं असावं असं म्हटलं होतं. नील्स बोरचे अणुरचनेवरचे लेख त्याच वर्षी येत होते. प्रोटॉनला अजून नाव मिळालं नव्हतं. न्यूट्रॉन सापडायला एकोणीस वर्षं होती. आणि मूलद्रव्यांची ओळख अजूनही त्यांच्या वजनावरून पटवली जात होती.

त्यातच किरणोत्सारानं एक विचित्र अडचण उभी केली होती. युरेनियम आणि थोरियम यांच्या क्षयातून एकामागून एक नवे पदार्थ निघत होते : युरेनियम एक्स, आयोनियम, मेसोथोरियम, रेडिओथोरियम, रेडियम डी. प्रत्येकाचा अर्धायुकाल वेगळा, किरणं वेगळी. म्हणून प्रत्येक जण नवं मूलद्रव्य. अशी तिसाहून अधिक नावं झाली, आणि आवर्तसारणीत शिशापासून युरेनियमपर्यंत जागा मात्र डझनभर. शिवाय यांतले काही पदार्थ एकमेकांत मिसळले की पुन्हा वेगळे होईनात. मॅकॉय आणि रॉस यांना १९०७ साली रेडिओथोरियम थोरियमपासून सोडवता आलं नाही. मेसोथोरियम आणि रेडियम यांच्या बाबतीत सॉडीला स्वतःला तोच अनुभव आला. मँचेस्टरमध्ये रदरफोर्डच्या सांगण्यावरून तरुण हेवेशी शिशातून रेडियम डी काढायला बसला आणि हात हलवत परतला. (पुढे त्यानं हीच हार कामाला लावली. जे शिशापासून सुटतच नाही ते शिशाचा माग दाखवील, या विचारातून किरणोत्सारी मागोव्याची पद्धत निघाली आणि त्याला १९४३ चं नोबेल मिळालं.)

जे वेगळं होत नाही त्याबद्दल रसायनशास्त्रज्ञ सहसा आपल्या कौशल्याला दोष देतो. अजून चांगली पद्धत हवी, अजून चिकाटी हवी, एवढंच त्याला वाटतं. सॉडीनं दोष हाताला दिला नाही, निसर्गाला प्रश्न विचारला. वेगळं होत नाही याचं कारण रासायनिकदृष्ट्या तिथे वेगळं काही नाहीच, असं असलं तर? पत्रातला ‘नाही’ तो हाच, आणि पत्र सुरू होण्याआधीच तो सॉडीच्या हाती आलेला आहे.

पत्राची सुरुवात दुसऱ्या कुणाच्या तरी पाठिंब्यानं होते. आदल्याच आठवड्यात, २७ नोव्हेंबरच्या अंकात, व्हॅन डेन ब्रुक या डच गृहस्थाचं पत्र आलं होतं. हा माणूस कायदा शिकलेला; भौतिकशास्त्र त्याच्या हौसेचं. त्याचं म्हणणं असं की अणूच्या गाभ्यावरचा विद्युतभार त्याच्या वजनावर ठरत नाही, आवर्तसारणीतल्या त्याच्या क्रमांकावर ठरतो. सॉडी पहिल्याच वाक्यात या मताला दुजोरा देतो आणि लगेच पुरावा पुढे ठेवतो. किरणोत्सारी अणूतून एक अल्फा आणि दोन बीटा कण बाहेर पडले, मग ते कोणत्याही क्रमानं पडोत, की अणू सारणीत आपल्या मूळच्या जागी परततो. फक्त त्याचं वस्तुमान चारनं घटलेलं असतं.

इथे जरा थांबावं. अल्फा कणावर धन भार दोन, वस्तुमान चार. बीटा म्हणजे इलेक्ट्रॉन : ऋण भार एक, वस्तुमान नगण्य. एक अल्फा गेला की गाभ्याचा भार दोननं उतरतो. दोन बीटा गेले की दोननं चढतो. बेरीज शून्य. पण अल्फानं नेलेलं वस्तुमान परत येत नाही. युरेनियम १ मधून एक अल्फा गेला की युरेनियम एक्स, त्यातून दोन बीटा गेले की युरेनियम २. आजच्या आकड्यांत पहिलं २३८ आणि दुसरं २३४. दोन्ही बसतात ९२ व्या घरात. या साध्या हिशेबात समस्थानिकांची सगळी कल्पना आलेली आहे. सॉडीनं मात्र ती इथे उलगडून सांगितलेली नाही. एका वाक्यात मांडली आणि तो पुढे निघाला. त्या वाक्यातले ‘कोणत्याही क्रमानं’ हे शब्द वाचताना नजरेतून निसटतात, पण त्यांच्यात मोठं सामर्थ्य आहे. वाट कुठलीही असो, मुक्काम ठरतो तो फक्त भाराच्या बेरजेनं, हे त्यांनी सांगितलं आहे.

दुसऱ्या परिच्छेदात वादाला तोंड फुटतं. काझिमिर फायन्सनं त्याच वर्षी, सॉडीच्या थोडं आधी, कण बाहेर पडल्यावर अणू सारणीत कुठल्या घरात सरकतो ते सांगणारा हाच विस्थापनाचा नियम मांडला होता. फायन्सला त्यात एक साम्य दिसलं. किरणोत्सारी क्षयात मूलद्रव्याच्या संयुजेत जसे बदल होतात तसेच बदल नेहमीच्या रासायनिक क्रियेतही होतात. मग दोन्ही बदल अणूच्या एकाच भागात होत असले पाहिजेत, स्वतंत्र गाभ्याची गरज काय, असा त्याचा निष्कर्ष. सॉडी हे मत सरळपणे, काटछाट न करता मांडतो. आपला लेख फायन्सच्या मागोमाग आला हेही तो सांगून टाकतो. आणि त्याच श्वासात, आपला भर मात्र एका घरातल्या मूलद्रव्यांच्या रासायनिक एकरूपतेवर होता, असं जोडतो. अग्रक्रमाचा मान देताना आपलं वेगळेपण कुठे आहे ते त्यानं जागच्या जागी नोंदवून ठेवलं. या सभ्यतेला धार आहे.

आणि मग येतो पत्रातला सगळ्यात देखणा भाग. रसायनशास्त्राच्या वाङ्मयात इतका नेटका युक्तिवाद मी फार थोड्या ठिकाणी वाचला आहे.

युरेनियमची संयुगं दोन प्रकारची. एकात युरेनियमची संयुजा चार : ते युरेनस क्षार, हिरवट. दुसऱ्यात सहा : ते युरेनिल क्षार, पिवळे आणि जास्त आढळणारे. युरेनस क्षारातल्या युरेनियमनं दोन इलेक्ट्रॉन गमावले की तो युरेनिल होतो. ही झाली चंचुपात्रात घडणारी नेहमीची रासायनिक क्रिया. आता दुसरीकडे पाहा. युरेनियम एक्स रासायनिकदृष्ट्या हुबेहूब थोरियम. ते दोन बीटा कण, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनच, गमावतं आणि पुन्हा युरेनियम होतं. दोन्हीकडे दोन इलेक्ट्रॉन जातात. दोन्हीकडे अणू चार संयुजेपासून निघून सहा संयुजेपाशी पोचतो. फायन्स म्हणतो त्याप्रमाणे हे इलेक्ट्रॉन अणूच्या एकाच भागातून जात असतील, तर दोन इलेक्ट्रॉन जाण्याआधीच्या दोन्ही स्थितीही एकच असल्या पाहिजेत. म्हणजे युरेनस क्षारांतला युरेनियम आणि थोरियम यांच्यात रासायनिक फरक उरणार नाही. दोन्ही मिसळले तर कुणाला ते वेगळे करता येणार नाहीत.

यानंतर मूळ इंग्रजीत सॉडीचं वाक्य अवघ्या चार शब्दांचं आहे. तसं होत नाही, एवढंच ते सांगतं. आधीची लांब, एकात एक गुंफलेली वाक्यं आणि मग हे आखूड वाक्य. लयीतला हा बदल मुद्दाम साधलेला आहे असं म्हणवत नाही. युक्तिवाद पूर्ण झाला की वाक्य आपोआप लहान होतं. पण वाचताना त्याचा परिणाम होतोच.

म्हणजे हे क्षार वेगळे करता येतात. पत्रातला ‘हो’ तो हाच, आणि तो नेमका कुणाचा, हेही सॉडी सांगतो. युरेनस आणि थोरियम क्षारांत साम्य भरपूर आहे, म्हणून त्यानं आपला सहकारी अलेक्झांडर फ्लेक याला दोन्हींचं मिश्रण देऊन पाहायला सांगितलं. अट एकच : सगळ्या खटाटोपात युरेनियम चार संयुजेवरच राहिलं पाहिजे. फ्लेकनं टप्प्याटप्प्यानं अलग करण्याच्या पद्धतींनी दोन्ही सहज वेगळे करून दाखवले. सॉडी श्रेय स्वतःकडे ठेवत नाही. फ्लेक हे प्रयोग स्वतंत्रपणे प्रसिद्ध करील असं सांगून टाकतो. हाच फ्लेक पुढे आयसीआय या ब्रिटिश रासायनिक कंपनीचा अध्यक्ष झाला.

या प्रयोगाचं मर्म असं की यात साम्याला महत्त्व नाही. युरेनस आणि थोरियम क्षार एकमेकांसारखे आहेत, आणि ‘सारखे’ म्हणून एखाद्यानं फायन्सच्या बाजूनं कौल दिला असता. सॉडीला ‘सारखे’ पुरत नाही. त्याला ‘तेच’ हवं आहे. युरेनियम एक्स आणि थोरियम ‘तेच’ आहेत, कारण ते वेगळे होत नाहीत. युरेनस आणि थोरियम क्षार मात्र फक्त ‘सारखे’ आहेत, कारण प्रयत्न केला की ते वेगळे होतात. या दोहोंतल्या अंतरातून अणूचे दोन प्रदेश वेगळे झाले. बीटा म्हणून निघणारे इलेक्ट्रॉन गाभ्यातून येतात आणि संयुजा बदलणारे इलेक्ट्रॉन बाहेरच्या कड्यातून. रदरफोर्डनं सोन्याच्या वर्खातून जे अनुमान काढलं होतं, तिथेच सॉडी क्षारांच्या द्रावणातून, एकही कण न मोजता, पोचला.

पुढचा परिच्छेद आकड्यांचा, आणि स्वभावदर्शनाच्या दृष्टीनं फार बोलका. युरेनियमच्या गाभ्यावर भार किती? व्हॅन डेन ब्रुकचा नियम खरा धरला तर तो युरेनियमच्या क्रमांकाइतका. पण क्रमांक किती? दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं नेमकी किती हे तेव्हा कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. सॉडी दोन्ही शक्यता मांडतो. ती सगळी सापडली आहेत असं धरलं तर सुमारे ९०. सारणी त्या भागातही नियमितपणे चालते असं धरलं तर ९६. दुसरं गृहीत जास्त शंकास्पद आहे हेही तो सांगतो. खरा आकडा ९२, म्हणजे त्याच्या दोन टोकांच्या मधे आणि त्यानं जास्त विश्वासार्ह मानलेल्या टोकाच्या जवळ. सारणीच्या शेवटच्या भागात, थॅलियमपासून युरेनियमपर्यंत, एकेका पायरीचा फरक जवळपास सिद्ध झाला आहे. एकूण आकड्याबद्दल मात्र खात्री नाही. कुठे पाय घट्ट आहे आणि कुठे नाही, याची सीमा सॉडीनं इतक्या काटेकोरपणे आखलेली आहे. हे पत्र छापलं जात होतं त्याच सुमाराला हेन्री मोझलीचा क्ष-किरण वर्णपटांवरचा पहिला लेख प्रसिद्ध होत होता. पुढच्या वर्षीच्या लेखानं अणुअंक मोजता येणारी गोष्ट झाली आणि दुर्मीळ मृदांच्या घरांचाही हिशेब लागला. मोझली १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.

शंका असेल तिथे शंका लिहिणारा हा माणूस याच परिच्छेदात एका ठिकाणी शंकेला जागाच ठेवत नाही. गाभा फक्त अल्फा कणांचा असता तर त्याचा भार अणुवस्तुमानाच्या निम्मा, युरेनियमसाठी सुमारे १२०, असायला हवा होता. तो आहे ९० किंवा ९६. मग उरलेल्या तीस किंवा चोवीस भारांचं काय झालं? सॉडीचं उत्तर : तेवढे इलेक्ट्रॉन गाभ्यात बसून धन भार फेडत असणार. त्यांतले सहा तर माहीतच आहेत, कारण युरेनियम आपल्या क्षयमालेत सहा बीटा सोडतो. हायड्रोजनही गाभ्याचा घटक असेल तर इलेक्ट्रॉन याहून जास्त निघतील. किती, याबद्दल मतभेद होऊ शकतो. पण गाभ्यात इलेक्ट्रॉन आहेत याबद्दल संशयच नाही.

हा निःसंशय भागच चूक निघाला. गाभ्यात इलेक्ट्रॉन राहत नाहीत. १९२९ मध्ये इटलीच्या रासेत्तीनं, आदल्याच वर्षी कोलकात्यात सापडलेल्या रामन परिणामाचा उपयोग करून, नायट्रोजनच्या वर्णपटाचा अभ्यास केला. चौदा प्रोटॉन आणि सात इलेक्ट्रॉन असा एकवीस कणांचा गाभा धरला तर त्याचं वर्तन जसं असायला हवं तसं ते आढळेना. १९३२ साली चॅडविकला न्यूट्रॉन सापडला आणि गाभ्यातल्या इलेक्ट्रॉनांची गरज संपली. बीटा कण आधीपासून आत बसलेला नसतो. न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होतो त्या क्षणी तो जन्मतो, हे फर्मीनं त्यानंतर लवकरच मांडलं.

मग सॉडीचा निष्कर्ष कोसळला का नाही? याचं उत्तर पत्रातल्या सगळ्यात गाजलेल्या वाक्यात आहे. त्या वाक्याच्या आधी सॉडी म्हणतो की या सगळ्यातून आपल्या स्वतःच्या कल्पना फार स्पष्ट झाल्या, कदाचित इतरांनाही उपयोग होईल, पण यात नवीन असं फारसं काही नाही. आणि लगेच तो विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राला वळण देणारी व्याख्या लिहितो : गाभ्यातल्या धन आणि ऋण भारांची बैजिक बेरीज सारखी असेल आणि अंकगणिती बेरीज वेगळी असेल, तर ती मूलद्रव्यं समस्थानिक.

बैजिक बेरीज म्हणजे चिन्हं लक्षात घेऊन केलेली; अंकगणिती म्हणजे चिन्हं बाजूला ठेवून सगळे आकडे मिळवलेली. दोन दुकानांच्या खात्यांत वर्षअखेर शिल्लक तीच असावी आणि उलाढाल मात्र वेगळी, तसं हे आहे. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना, म्हणजे सगळ्या रसायनशास्त्राला, फक्त शिल्लक दिसते. उलाढाल दिसते ती तराजूला. म्हणून रासायनिक गुणधर्म एक आणि वजन वेगळं. नंतरच्या प्रोटॉन-इलेक्ट्रॉन चित्रात हेच आकड्यांत लिहिता येतं. युरेनियम १ मध्ये २३८ प्रोटॉन आणि गाभ्यातले १४६ इलेक्ट्रॉन, वजाबाकी ९२. युरेनियम २ मध्ये २३४ आणि १४२. वजाबाकी पुन्हा ९२. आता आजचं चित्र पाहा. युरेनियम २३८ मध्ये ९२ प्रोटॉन आणि १४६ न्यूट्रॉन. युरेनियम २३४ मध्ये ९२ आणि १४२. ‘गाभ्यातले इलेक्ट्रॉन’ या रकान्यातला आकडा जसाच्या तसा ‘न्यूट्रॉन’ या रकान्यात गेला. गाभ्यातल्या कणाचं नाव चुकलं होतं, पण बेरीज-वजाबाकीचं नातं बरोबर होतं. त्याची व्याख्या आत काय बसलं आहे यावर उभी नव्हती, दोन बेरजांच्या नात्यावर उभी होती. म्हणून आतलं सामान बदललं तरी व्याख्या टिकली. इथे ‘बैजिक’ आणि ‘अंकगणिती’ ही दोन विशेषणं जे काम करतात ते आकृतीनं झालं नसतं.

याच वाक्याच्या पुढे एक अपवाद आहे, आणि तो घाईत वाचून सोडण्यासारखा नाही. समस्थानिक रासायनिकदृष्ट्या एकरूप असतात. भौतिकदृष्ट्याही एकरूप असतात, फक्त जे मोजके गुणधर्म थेट वस्तुमानावर अवलंबून आहेत ते सोडून. पुढच्या दहा वर्षांचं बरंचसं काम या सोडलेल्या मोजक्या गुणधर्मांवर झालं. युरेनियमचा क्षय शिशापाशी थांबतो, थोरियमचाही शिशापाशीच. पण हिशेबानं पहिलं शिसं २०६ चं आणि दुसरं २०८ चं. मग दोन खनिजांतल्या शिशांचं वजन वेगळं भरलं पाहिजे. १९१४ साली हार्वर्डमध्ये रिचर्ड्सनं युरेनियमच्या खनिजांतलं शिसं तपासलं; ते नेहमीच्या २०७.२ हून हलकं निघालं. सॉडीनं सिलोनच्या थोराइटमधलं शिसं तपासलं. ते जड निघालं. अणुवस्तुमान म्हणजे मूलद्रव्याचा अचल ठसा, हा शंभर वर्षांचा विश्वास शिशानं मोडला. १९१९ पासून अ‍ॅस्टननं आपल्या वस्तुमान वर्णपटलेखकानं निऑन, क्लोरिन अशा अगदी स्थिर मूलद्रव्यांचेही समस्थानिक वेगळे दाखवले. क्लोरिनचं ३५.४५ हे शाळेत कोड्यात टाकणारं वजन म्हणजे ३५ चे सुमारे तीन भाग आणि ३७ चा एक भाग यांची सरासरी. सॉडीला १९२१ चं आणि अ‍ॅस्टनला १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

‘रासायनिकदृष्ट्या एकरूप’ हे शब्द जड मूलद्रव्यांच्या बाबतीत जवळजवळ शब्दशः खरे आहेत. २३४ आणि २३८ यांच्यातला फरक पावणेदोन टक्क्यांच्या आत आहे. पण हायड्रोजनच्या घरात एक आणि दोन शेजारी बसतात, वस्तुमान दुप्पट. युरीनं १९३१ च्या अखेरीस ड्यूटेरियम ओळखलं आणि इथे एकरूपता उघडच ढळते हे दिसलं. जड पाणी ३.८ अंश सेल्सिअसला गोठतं आणि १०१.४ अंशांना उकळतं; ड्यूटेरियमचे बंध थोडे अधिक घट्ट असतात, त्यामुळे अभिक्रियांचे वेगही बदलतात. निसर्गात सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे ड्यूटेरियमचा एक सापडतो. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळच्या थळच्या प्रकल्पात अमोनिया आणि हायड्रोजन वायू यांची गाठ घालून हा एक वेचला जातो. दोहोंमध्ये हायड्रोजनच्या अणूंची अदलाबदल चालू असते आणि ड्यूटेरियम अमोनियाकडे अधिक ओढ घेतं. ही देवघेव रासायनिक आहे. सॉडीच्या विधानाला तिथे रोज, टनांच्या हिशेबात, अपवाद घडतो.

पत्राचं शेवटचं विधानही असंच ठाम आहे : बाहेरचं कडं आणि गाभा यांच्यात इलेक्ट्रॉनांची ये-जा नाही. रसायनशास्त्रापुरतं हे आजही पूर्ण खरं. पण काही अणूंत सर्वांत आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन गाभ्यात शोषला जातो, एका प्रोटॉनाचा न्यूट्रॉन होतो आणि अणू सारणीत एक घर मागे सरकतो. अल्व्हारेझनं १९३७ साली याचा पुरावा दिला. पोटॅशियम ४० हा असा एक अणू. त्याचे दहाएक टक्के क्षय या वाटेनं जातात आणि त्यातून आर्गॉन ४० उरतो. लाव्हा थिजला की त्यापुढे तयार होणारा हा आर्गॉन खडकात अडकून राहतो. तो मोजून खडकाचं वय काढतात. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, हे आपण सांगतो ते प्रामुख्यानं या आर्गॉनच्या आधारे. सॉडीनं जी ये-जा नाही म्हटली, तिच्यावरच दख्खनच्या पठाराचं वय लिहिलेलं आहे.

एका पानाच्या पत्रातली तीन ठाम विधानं अशी दुरुस्त झाली : गाभ्यातले इलेक्ट्रॉन, संपूर्ण रासायनिक एकरूपता, आणि कडं-गाभा यांच्यातला पूर्ण दुरावा. तरीही पत्र शिळं होत नाही, याचं कारण त्याच्या लिहिण्याच्या रीतीत आहे. सॉडी विधान पुसट करत नाही. फायन्सच्या मताला त्यानं ‘साम्य आहे’ एवढ्यावर सोडलं असतं तर ते कधीच खोटं ठरलं नसतं. त्यानं ते ‘मग हे दोन क्षार मुळीच वेगळे होता कामा नयेत’ इथपर्यंत ताणलं, आणि मगच फ्लेकच्या एका प्रयोगानं ते तुटू शकलं. स्वतःच्या मतालाही त्यानं तीच वागणूक दिली. समस्थानिक ‘बरेचसे सारखे’ असतात असं मोघम लिहिलं असतं तर थळच्या अमोनियानं ते मत खोडण्याचा प्रश्नच आला नसता. ‘तंतोतंत तेच’ असं लिहिलं म्हणून ते तपासता आलं, शिशावर ताडून पाहता आलं, आणि हायड्रोजनपाशी कुठे मोडतं तेही नेमकं कळलं. फायन्सला ज्या मापानं मोजलं, ते माप सॉडीनं स्वतःसाठी बदललं नाही. आणि पुढच्यांनी त्याची विधानं दुरुस्त केली तीही त्याच मापानं.